कुठलं कार्ड का चालतं? पोकेमॉन कार्डांच्या नव्या भिडूसाठी

मेंढीकोटात दहल्याला जो मान असतो, तो बदाम सातमध्ये नसतो. तिथे सगळ्यांचे डोळे बदामाच्या सत्तीकडे. गड्डी तीच, पान तेच. खेळ बदलला की पानाची पत बदलते. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण तोच माणूस पोकेमॉन कार्डांकडे वळला की पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, यातलं सगळ्यात भारी कार्ड कोणतं?" आणि उत्तर मिळायच्या आधीच जे चमकतं ते घेऊन मोकळा होतो.

आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेत एकाच्या घरी बसतो. आधी तर्री पोहे, मग साबणाने हात धुणं, मग कार्डं. हा क्रम चुकवू नका. तर्रीचा तेलकट डाग कार्डावरून जन्मात निघत नाही. माझा भाचा पहिल्यांदा तिथे आला तेव्हा त्याने ऐटीत खिशातून एक पाकीट काढलं. बर्डीवरून घेतलेलं, आतली सगळीच्या सगळी कार्डं सोनेरी. "मामा, दुकानवाले काका म्हणे ओरिजनल आहे, सोन्याचं पाणी मारलेलं आहे नं!" त्यातलं एकही खरं नव्हतं. टेबलावर कोणी हसलं नाही, कारण आमच्यापैकी निम्म्यांनी सुरुवात तशाच पाकिटाने केली होती. तेव्हा हे त्याच्यासाठी, आणि त्याच्या वर्गातल्या त्या चौघांसाठी जे आता मला फोन करून राहिले आहेत.

पायरी १: पैसे खिशात ठेवा आणि आधी फुकट खेळा

'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' हे अधिकृत ॲप मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर फुकट चालतं. सुरुवातीलाच तयार डेक, म्हणजे खेळायच्या गड्ड्या, मिळतात. दहा-बारा दिवस रोज दोन डाव खेळा, नियम अंगवळणी पडतील. थोडक्यात सांगतो: डेक ६० कार्डांची. एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं, साध्या एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी इंधन म्हणून लावायच्या कार्डांना, मात्र ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात ७ पानं, बाजूला उपडी ठेवलेली ६ प्राइझ कार्डं. समोरच्याचा एक पोकेमॉन पाडला की आपलं एक प्राइझ कार्ड उचलायचं, 'ईएक्स'सारखा मोठा पाडला की दोन. सहाही उचलली की जिंकलात. एका पाळीत एकच एनर्जी लावता येते, हे नीट लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं गणित त्या एका ओळीवर उभं आहे.

(२०२४ च्या ऑक्टोबरात आलेलं 'पॉकेट' हे ॲप वेगळं. त्यात डेक २० कार्डांची आणि नियम आटोपशीर. गंमत म्हणून ठीक, पण तिथे जे कार्ड गाजतं ते टेबलावर गाजेलच असं नाही.)

पायरी २: 'चालतं' म्हणजे कुठे चालतं, ते विचारा

सगळा घोळ इथेच होतो. कार्ड दोन ठिकाणी चालतं: डेकमध्ये आणि बाइंडरमध्ये, म्हणजे कार्डं जपून ठेवायच्या फाइलमध्ये. डेकमधलं कार्ड लोकांना हवं असतं कारण ते डाव जिंकून देतं. बाइंडरमधलं हवं असतं कारण ते जवळ असावंसं वाटतं. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे लाकडी बैल निघतात तेव्हा चाकाचा, दोरीने ओढायचा छोटा बैल पोराच्या हातात असतो, आणि कोरीव शिंगांचा, झुलीचा, घरातला जुना बैल मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली. दोन्ही बैलच. पण 'चांगला बैल कोणता' याचं उत्तर नातू आणि आजोबा वेगळं देतील.

याचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे चारिझार्ड. इंग्रजीतला पहिला 'बेस सेट' १९९९ मध्ये आला, १०२ कार्डांचा. त्यातलं चौथं कार्ड चारिझार्ड, चित्र मित्सुहिरो अरिता यांचं. १२० एचपी, म्हणजे एवढा मार खाल्ल्यावरच पडणार; आणि एका हल्ल्यात १०० डॅमेज, म्हणजे समोरच्याला तेवढा मार. त्या काळात हे आकडे म्हणजे डोळे दिपवणारे. जगभरातल्या पोरांनी या एका कार्डासाठी पाकिटं फोडली, आणि आज त्याच पोरांकडे पगार असल्यामुळे त्याची किंमत आभाळाला टेकली आहे.

पण स्पर्धेत ते फारसं कोणी खेळत नव्हतं. हिशोब करून बघा. चारिझार्ड थेट उतरवता येत नाही, पायऱ्या चढाव्या लागतात: आधी चारमँडर, मग चारमीलियन, मग चारिझार्ड. हल्ल्याला चार एनर्जी, म्हणजे एकेक करत चार पाळ्या. हल्ला केला की दोन एनर्जी टाकून द्यायच्या. त्यात समोरच्याकडे लावलेली एनर्जी काढून टाकणारं 'एनर्जी रिमूव्हल' असलं की केलेल्या कष्टावर पाणी. तेवढ्या वेळात हिटमॉनचॅन एका एनर्जीत २० डॅमेजचे ठोसे मारत सुटायचा. ७० एचपीचा साधा बेसिक, म्हणजे थेट उतरवता येणारा पोकेमॉन, दिसायलाही बेताचा. पण पहिल्या पाळीपासून कामाला लागणारा. त्याच्या आणि इलेक्ट्राबझच्या जोरावरची 'हेमेकर' डेक त्या दिवसांत स्पर्धा गाजवत होती. बाइंडरचा राजा एक, टेबलाचा दुसरा.

म्हणून कोणी "हे भारी आहे" म्हणालं की एवढंच विचारा: खेळायला की ठेवायला?

पायरी ३: आकडा नको, किंमत वाचा

नवा भिडू कार्डावर सगळ्यात आधी एचपी आणि डॅमेज बघतो. जुना भिडू बघतो की हे करायला मला काय मोजावं लागतं. पाळ्या किती जातील, एनर्जी किती, हातातली किती कार्डं टाकावी लागतील.

हे समजायला जरा शेजारच्या खेळात डोकावू. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ मध्ये आला. त्याच्या पहिल्याच संचात पाच रंगांची पाच कार्डं होती, प्रत्येकाची किंमत एक माना (म्हणजे तिथली एनर्जी), आणि प्रत्येक जण 'तीन' देणार. लाल 'लाइटनिंग बोल्ट' तीन डॅमेज देतं. हिरवं 'जायंट ग्रोथ' आपल्या प्राण्याची ताकद आणि दम तीन-तीनने वाढवतं. काळं 'डार्क रिच्युअल' तीन माना देतं. पांढरं 'हीलिंग साल्व्ह' तीन आयुष्य देतं. आणि निळं 'अँसेस्ट्रल रिकॉल' तीन कार्डं उचलू देतं. कागदावर अगदी भावाभावांत सारखी वाटणी. प्रत्यक्षात? अँसेस्ट्रल रिकॉल त्या खेळातल्या सर्वांत ताकदवान नऊ कार्डांत गणलं गेलं आणि व्हिंटेज प्रकारात डेकमध्ये एकच ठेवायची मुभा राहिली. लाइटनिंग बोल्ट आजही आवडीने खेळतात. हीलिंग साल्व्हला कोणी विचारत नाही.

कारण सोपं आहे. तीन आयुष्य मिळाल्याने तुम्ही जिंकत नाही, फक्त हरणं लांबतं. तीन कार्डं म्हणजे तीन नव्या वाटा, तेही एकाच्या बदल्यात. कुठल्याही कार्डखेळात नवं कार्ड उघडलं की मी आधी हेच शोधतो: हे मला आणखी पानं देतं का, किंवा एखादा नियम मोडू देतं का? 'एका पाळीत एकच एनर्जी' हा नियम ज्या कार्डाने वाकतो, त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

आता चारिझार्डकडे परत या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'ऑब्सिडियन फ्लेम्स' संचात चारिझार्ड ईएक्स आला. ३३० एचपी. हाही दोन पायऱ्या चढूनच येतो. पण येताना डेकमधून तीन फायर एनर्जी स्वतःच काढून लावतो, आणि हल्ल्याला दोनच लागतात. वर समोरच्याने जितकी प्राइझ कार्डं उचलली असतील तितका याचा मार वाढतो: १८० आणि प्रत्येक कार्डामागे ३०. म्हणजे हरता हरता माणूस जास्त जोरात मारू लागतो. जुन्या चारिझार्डचं जे दुखणं होतं, त्यावरच हे औषध. ड्रॅगन तोच, पण हा बाइंडरमधून उठून टेबलावर आला आणि पुढचं वर्षभर तिथून हलला नाही.

पायरी ४: साधी दिसणारी कार्डं आधी जमवा

कोणाची जिंकणारी डेक उलगडून बघा. पोकेमॉन थोडेच असतात. अर्ध्याच्या आसपास कार्डं 'ट्रेनर', म्हणजे मदतीची, असतात. 'अल्ट्रा बॉल' घ्या: हातातली दोन कार्डं टाका, डेकमधून हवा तो पोकेमॉन काढा. 'नेस्ट बॉल' बेसिक पोकेमॉन थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेवर, आणतो. 'बॉसेस ऑर्डर्स' समोरच्याच्या बेंचवर लपलेला पोकेमॉन ओढून पुढे आणतं. 'प्रोफेसर्स रिसर्च'ने हात टाकून सात नवी पानं घ्या. यातल्या कशावर ड्रॅगन नाही. वर्गात दाखवलं तर कोणी "वा" म्हणणार नाही.

तरी ही कार्डं प्रत्येकाला चार-चार लागतात. का, ते आकड्यात सांगतो. ६० कार्डांत एखादं कार्ड एकदाच असेल तर सुरुवातीच्या सात पानांत ते येण्याची शक्यता १२ टक्क्यांहून थोडी कमी. तेच चार असतील तर सुमारे ४० टक्के. आणि अल्ट्रा बॉलसारखं शोधून आणणारं कार्ड म्हणजे हव्या त्या पोकेमॉनची आणखी एक प्रतच समजा. भाच्याला मी हे दाण्यांनी दाखवलं. ५६ शेंगदाणे, ४ फुटाणे, डोळे मिटून मूठभर सात काढायचे. पंधरा वेळा काढल्यावर त्याला पटलं. दाणे संपले म्हणून सोळाव्यांदा करता आलं नाही.

सुदैवाने ही कार्डं वारंवार छापली जातात, त्यामुळे स्वस्तात मिळतात. पहिला खर्च इथे करा. लीग बॅटल डेक नावाचे तयार संच मिळतात, त्यात अशी बरीच कार्डं एकत्र येतात. पाकिटं फोडून हे जमवायला जाल तर दिवाळं निघेल. एका पाकिटात दहाच कार्डं, आणि त्यात काय येईल हे तुमच्या हातात नाही. सुटं कार्ड विकत घेणं यात कसलाही कमीपणा नाही.

पायरी ५: कार्डाचे दोस्त आणि दुश्मन ओळखा

एकट्या कार्डाला फार मोल नसतं. चारिझार्ड ईएक्स गाजला त्यात 'रेअर कँडी'चा मोठा वाटा आहे, कारण तिने मधली पायरी गाळून थेट वर चढता येतं. दुसरा वाटा त्याच संचातल्या पिजॉट ईएक्सचा. हा पक्षी बेंचवर बसून दर पाळीला डेकमधून हवं ते एक कार्ड आणून देतो. हवं ते! दुकानात उधारीवर काहीही देणारा ओळखीचा माणूस असावा, तसं. म्हणून नवा संच आला की नवी कार्डं बघाच, पण जोडीला हेही बघा की घरात धूळ खात पडलेलं कुठलं जुनं कार्ड आता जागं होणार आहे.

आणि मग दुश्मन. सगळे एकाच प्रकारची डेक खेळू लागले की तिचा उतारा असलेलं कार्ड वर येतं. 'सध्या लोक काय खेळून राहिले' याला खेळाडूंच्या भाषेत मेटा म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूला जागतिक स्पर्धा झाली. त्या वेळच्या बहुतेक गाजलेल्या डेक पिजॉटसारख्या 'ॲबिलिटी'वर, म्हणजे बसल्या जागी मिळणाऱ्या फायद्यांवर उभ्या होत्या. चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेसने आयर्न थॉर्न्स ईएक्स नावाचं कार्ड आणलं. ते पुढे उभं असेपर्यंत ईएक्ससारख्या मोठ्या पोकेमॉनच्या ॲबिलिटी बंद. फक्त 'फ्यूचर' प्रकारातल्यांना सूट. त्याचा हल्ला काही फार मोठा नाही. पण पिजॉट मुका झाला, चारिझार्डची एनर्जी अडली, आणि सिफुएन्तेस जगज्जेता झाला. हे कार्ड त्याच वर्षी मे महिन्यात आलं होतं. उघड्यावर पडलेलं होतं, फार थोड्यांनी उचललं.

हे दरवर्षी होतं. उतारा गाजला की त्या उताऱ्यावर उतारा येतो. म्हणून अशा कार्डाच्या दोन-तीन प्रती जवळ असाव्यात, पण भाव चढल्यावर धावत जाऊन दहा घेऊ नयेत. लिमिटलेस या साइटवर स्पर्धांमधल्या डेकच्या याद्या असतात. महिन्यातून एकदा वरच्या आठ डेक बघितल्या तरी वारं कुठून वाहतं ते कळतं.

पायरी ६: कार्डाचं वय बघा

आधुनिक कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं: एफ, जी, एच असं. 'स्टँडर्ड' स्पर्धेत कुठली अक्षरं चालतील हे कंपनी ठरवते आणि साधारण दरवर्षी जुनं अक्षर बाद करते. २०२५ च्या एप्रिलमध्ये एफ गेलं. त्याच्याबरोबर रेडियंट ग्रेनिन्जा गेला, जो त्याआधी कितीतरी डेकमध्ये ठरलेला असायचा. बाद व्हायच्या दोन महिने आधी कोणी प्रेमाने स्वस्तात कार्डं देऊ लागला तर आधी कोपरा बघा. एक सवलत आहे: तेच कार्ड त्याच नावाने नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल तर तुमचं जुनंही चालतं. अल्ट्रा बॉल जपून ठेवा म्हणतो ते त्यासाठी.

पुन्हा छापलं की भाव उतरतो. कळमन्याला अंबिया बहाराची संत्री उतरली की काय होतं ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. मॅजिकवाल्यांनी १९९६ मध्ये उलटं केलं. जुनी कार्डं पुन्हा छापल्याने संग्राहक भडकले, तेव्हा काही कार्डं परत कधीच छापणार नाही अशी यादीच जाहीर केली. 'ब्लॅक लोटस' त्या यादीत आहे. त्याचा आजचा भाव निम्मा त्या वचनाचा आहे. मला व्यक्तिशः ही पद्धत आवडत नाही. ज्या कार्डाने खेळायचं ते तिजोरीत गेलं की खेळ कसला?

पायरी ७: बाइंडरचं वेगळं गणित

इथे नियम कमी, माणसाचं मन जास्त. कोणता पोकेमॉन, कोणाचं चित्र, किती दुर्मीळ, आणि कार्डाची अवस्था कशी, हे चार प्रश्न. नव्या संचांत दुर्मीळपणा खालच्या खुणेवरून कळतो. गोल म्हणजे साधं, चौकट त्याच्या वर, तारा म्हणजे रेअर; एक सोनेरी तारा म्हणजे खास चित्राचं, दोन सोनेरी तारे म्हणजे त्याहून खास. क्रमांकही बघा. संचाची संख्या २०३ आणि कार्डावर २१५ असं दिसलं तर ते यादीबाहेरचं 'सीक्रेट' कार्ड. हे मी उगाच आकडे घेतले नाहीत. २०२१ च्या 'इव्हॉल्व्हिंग स्काइज' संचातला अम्ब्रेऑन व्हीमॅक्स, मनोऱ्यावर चढून चंद्राकडे पंजा नेणारा, तोच २१५ नंबर. लोक त्याला लाडाने 'मूनब्रेऑन' म्हणतात. साध्या चित्रातलं तेच कार्ड खेळात अगदी तितकंच काम करतं आणि त्याच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

आणि टोकाचं उदाहरण, पिकाचू इलस्ट्रेटर. जपानच्या 'कोरोकोरो' मासिकाने १९९७-९८ मध्ये चित्रस्पर्धा घेतल्या, विजेत्यांना हे कार्ड दिलं. जगात सुमारे ४० प्रती. त्यातली दहापैकी दहा दर्जाची एक २०२१ मध्ये लोगन पॉल या यूट्यूबरने ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजून घेतली. त्याच काळात, कोरोनात घरी बसलेल्या जगाने कार्डांवर झडप घातली होती. अमेरिकेत टार्गेट दुकानांनी मे २०२१ मध्ये भांडणांपायी कार्डं विकणंच काही काळ थांबवलं. असल्या लाटेत घेतलेलं कार्ड लाट ओसरली की अंगावर पडतं. आवडतं म्हणून घ्या. एफडी म्हणून घेऊ नका.

पायरी ८: नकली ओळखा, असली सांभाळा

खरी कार्डं पूर्ण सोनेरी पाकिटात ढिगाने येत नाहीत, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. बाकी: 'पोकेमॉन' या इंग्रजी शब्दातल्या ई वर तिरकी रेघ हवी. मागची निळी बाजू खऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघा, नकलीचा रंग फिका किंवा जांभळट दिसतो. अक्षरांची जाडी जुळत नाही. एचपी हजारांत लिहिलेला असेल तर पुढे बघूच नका. मोठ्या, खास कार्डांच्या पृष्ठभागावर बोटाला लागणारे बारीक उठाव असतात, नकली गुळगुळीत असतं. डेकमध्ये एखादं कार्ड कमी असेल तर घरच्या खेळात झेरॉक्स कापून स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, घाला, आमच्याकडे सगळे करतात. अधिकृत स्पर्धेत ते चालणार नाही.

सांभाळण्याबद्दल परदेशी व्हिडिओ बघून शिकाल, पण ते नागपुरात राहत नाहीत. चमकी कार्डात कागद आणि फॉइल असे दोन थर असतात. कागद ओल शोषतो, फॉइल शोषत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस आणि आत कूलरचा ओला वारा, याच्याइतकी वाईट जागा कार्डाला शोधून सापडणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी बाइंडर कूलरसमोरच्या टीपॉयवर ठेवून दुपारी झोपलो. उठलो तेव्हा अर्धी फॉइल कार्डं कुरडईसारखी झाली होती. आता स्लीव्ह घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कूलर नसलेल्या खोलीतल्या कपाटात. पुड्या नव्या बुटांच्या खोक्यातून फुकट मिळतात.

भाच्याची डेक आता उभी आहे. चार अल्ट्रा बॉल, चार नेस्ट बॉल, बाकी जमेल तसं. मागच्या रविवारी त्याने मला पहिल्यांदा हरवलं, तेही एका बिनचमकीच्या बॉसेस ऑर्डर्सने, बेंचवर लपवलेला माझा पिजॉट ओढून. सोनेरी पाकीट त्याने टाकलं नाही. घरी धाकट्या बहिणीबरोबर त्या कार्डांनी भिकार-सावकार खेळतो म्हणे.